लॅपटॉपची राखण : पैसे कशावर खर्च करावेत?

राबोडी असो, मुंब्रा-कौसा असो, भिवंडी असो की कल्याणचा दूधनाका, आपल्या पुष्कळ घरांत आता एक तरी लॅपटॉप आला आहे. लॅपटॉप एक आणि त्यावर हक्क सांगणारे पाच. मुलगी त्यावर सीईटीचा अभ्यास करते. मुलगा शाळेचा प्रकल्प करता करता मध्येच एखादा गेम उतरवून घेतो. भाभी ड्रेसच्या ऑर्डरींचा हिशेब ठेवतात. अब्बांच्या हजच्या अर्जासाठी स्कॅन केलेला पासपोर्ट त्यातच पडून असतो आणि महिनाअखेरीला विजेचे बिलही त्यावरूनच भरले जाते. एवढे सगळे ज्या पेटीत ठेवले, तिला कुलूप कोणते लावायचे हा प्रश्न ओघानेच येतो.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, संगणक नव्हे. पण प्रश्नपत्रिका, निकालपत्रके, शिष्यवृत्तीचे अर्ज या निमित्ताने लॅपटॉपशी रोज गाठ पडते. पालकसभा संपली की कोणीतरी हमखास थांबून विचारते, ‘‘दुकानदार अँटिव्हायरस टाकायला सांगतोय. घ्यावा का? आणि स्वस्तातला चालेल का?’’ महिन्याच्या खर्चाची ओढाताण असलेल्या घरात हा प्रश्न साधा नसतो. म्हणून त्याचे उत्तर इथे सविस्तर देत आहोत.

आधी थोडक्यात सांगतो. तुमच्या लॅपटॉपवर अस्सल विंडोज असेल आणि त्याची अपडेट नियमित येत असतील, तर बहुतेक घरांना वेगळा अँटिव्हायरस विकत घेण्याची गरज नाही. हातात हजार-दोन हजार रुपये असतील तर ते आधी फाइलींची दुसरी प्रत ठेवण्यावर खर्च करावेत. काही घरांनी मात्र विकतचा अँटिव्हायरस जरूर घ्यावा. ती घरे कोणती, हे पुढे येईलच.

व्हायरस येतो कोणत्या वाटेने?

घरच्या संगणकांमध्ये जगभर पसरलेला पहिला व्हायरस आपल्या शेजारच्या लाहोरमध्ये तयार झाला, हे अनेकांना ठाऊक नसते. १९८६ साली बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोघा भावांनी ‘ब्रेन’ नावाचा व्हायरस लिहिला. त्यांनी तयार केलेल्या वैद्यकीय प्रोग्रॅमच्या चोरून प्रती काढणाऱ्यांना पकडावे, असा त्यांचा हेतू होता. गंमत अशी की व्हायरसमध्येच त्यांनी स्वतःचे नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर घातला होता. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर प्रती होत होत तो दूरदेशी पोहोचला आणि तिथून लाहोरच्या दुकानात फोन येऊ लागले.

या गोष्टीत दोन वाटा दिसतात. एक चोरून काढलेली प्रत आणि दुसरी हातोहात फिरणारी डिस्क. चाळीस वर्षे झाली, फ्लॉपी गेली, पेनड्राइव्ह आला, पण या दोन्ही वाटा आजही तशाच वाहत्या आहेत.

पेनड्राइव्हची वाट आपण सगळे जाणतो. स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला गेलो की त्या एका संगणकात दिवसभरात किती जणांचे पेनड्राइव्ह लागून गेलेले असतात याचा हिशेब नसतो. घरी येऊन पाहावे तर फोल्डर गायब आणि त्याच नावाचे, कोपऱ्यात छोटा बाण असलेले शॉर्टकट दिसतात. घाबरून त्यावर डबल क्लिक केले की व्हायरस लॅपटॉपमध्ये शिरलाच. खरे तर अशा वेळी फाइली बहुधा पुसलेल्या नसतात, फक्त लपवलेल्या असतात. म्हणून क्लिक करू नये आणि पेनड्राइव्ह फॉरमॅटही करू नये. आधी अँटिव्हायरसने तो पूर्ण तपासावा आणि मग जाणकाराकडून लपलेल्या फाइली उघड करून घ्याव्यात.

प्रिंटसाठी एक छोटा, स्वस्त पेनड्राइव्ह वेगळा ठेवणे हा सोपा उपाय आहे. त्यात प्रिंट काढायच्या फाइलीखेरीज काहीही नसावे आणि दुकानातून परत आल्यावर तो तपासल्याशिवाय उघडू नये. काही जण दुकानदाराला फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. त्याने व्हायरस टळतो, पण आधार कार्डाची प्रत दुकानदाराच्या संगणकात राहून जाते. काम झाल्यावर ती समोर पुसून घ्यायला संकोच करू नये.

दुसरी वाट ‘क्रॅक’ प्रोग्रॅमची. व्हिडिओ एडिटिंग, फोटो, गेम, ऑफिस, अगदी विंडोजसुद्धा फुकटात चालू करून देणारी फाइल कुठेतरी मिळते. ती चालवण्याआधी एक सूचना हमखास असते : ‘अँटिव्हायरस बंद करा.’ घरात शिरू पाहणारा माणूस आधी कुत्रा बांधून ठेवायला सांगत असेल, तर त्याला आपण काय समजू? मुलांना एवढे एकच वाक्य सांगून ठेवावे. जो प्रोग्रॅम पहारेकरी बंद करायला सांगतो, तो आपल्या घरात घ्यायचा नाही.

आमच्या परिचयातील बी.एड. करणाऱ्या एका मुलीने असाच व्हिडिओ एडिटिंगचा क्रॅक प्रोग्रॅम टाकला. दुसऱ्या दिवशी तिची सगळी पाठ टाचणे, सराव पाठांचे फोटो आणि प्रकल्प उघडेनासे झाले. प्रत्येक फाइलीच्या नावापुढे वेगळीच अक्षरे लागली होती आणि सोबत इंग्रजी चिठ्ठी होती : ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर ४९०. याला रॅन्समवेअर म्हणतात. आपल्याच घराला चोराने बाहेरून कुलूप लावावे आणि किल्लीसाठी खंडणी मागावी, तसा हा प्रकार आहे. घरच्या लॅपटॉपवर येणाऱ्या रॅन्समवेअरमध्ये ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ नावाचा प्रकार फार पसरला, आणि त्याची मुख्य वाट क्रॅक प्रोग्रॅम हीच आहे. तिने पैसे दिले नाहीत. निम्मी टाचणे गूगल ड्राइव्हवर होती म्हणून वाचली, उरलेली रात्री जागून पुन्हा लिहिली.

असे कोणावर ओढवले तर खंडणी देऊ नये. ‘नो मोअर रॅन्सम’ ही मोफत सेवा नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी मिळून जुलै २०१६ मध्ये सुरू केली. काही प्रकारच्या रॅन्समवेअरची किल्ली तिथे फुकट मिळते. प्रत्येक वेळी मिळेलच असे नाही, म्हणून कुलूपबंद झालेल्या फाइली पुसून न टाकता एका डिस्कवर जपून ठेवाव्यात.

इनपेज आणि फॉन्टची गोष्ट

आपल्या घरांचा आणि शाळांचा एक खास प्रश्न आहे. उर्दू टायपिंग म्हटले की इनपेज. दिल्लीच्या कंपनीने १९९४ साली आणलेल्या या प्रोग्रॅमने कातिबांच्या हातची नस्तालिक संगणकावर आणली आणि लग्नपत्रिकेपासून वर्तमानपत्रापर्यंत सगळीकडे तो पोहोचला. पण त्याच्या क्रॅक प्रती पेनड्राइव्हवरून इतक्या फिरतात की तो विकत घ्यायचा असतो, हेच काहींना माहीत नसते. अशा प्रतीला पुढची दुरुस्ती कधी मिळत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने जाहीर केले की इनपेजमधल्या एका उणिवेचा फायदा घेऊन तयार केलेल्या फाइली आशियातल्या बँकांना पाठवल्या जात होत्या. म्हणजे इनपेजची फाइल उघडणे एवढेच निमित्त पुरेसे होते. मराठीच्या जुन्या फॉन्ट-पॅकेजांच्या फिरत्या प्रतींनाही हाच धोका लागू आहे.

आता त्या क्रॅकची गरजही उरलेली नाही. विंडोजमध्ये मराठी आणि उर्दू दोन्हींचे युनिकोड कीबोर्ड फुकट आहेत. ‘नोटो नस्तालिक उर्दू’ हा सुंदर फॉन्ट गूगलने मोफत दिला आहे आणि ‘लिबर ऑफिस’ हा वर्डसारखा प्रोग्रॅमही मोफत मिळतो. शाळेची प्रश्नपत्रिका आणि घरचा अर्ज एवढ्याला हे पुरेसे होते. छपाईच्या कामासाठी इनपेजच लागत असेल तर त्याचा परवाना विकत घ्यावा. दुसऱ्याच्या मेहनतीचे मोल द्यावे, हे तर आपण मुलांना शिकवतोच.

घरातच असलेला पहारेकरी

२०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्येच अँटिव्हायरस दिला आहे. त्याचे नाव डिफेंडर. त्याचे वेगळे पैसे नाहीत, मुदत नाही आणि तो संपत नाही. एके काळी तो कच्चा समजला जाई आणि ते खरेही होते. आता तसे राहिलेले नाही. जर्मनीतील माग्देबुर्ग शहरातली ‘एव्ही-टेस्ट’ ही संस्था वर्षभर वेगवेगळ्या अँटिव्हायरसची परीक्षा घेते. संरक्षणाचे ६, लॅपटॉप मंद न करण्याचे ६ आणि खोट्या धोक्याची ओरड न करण्याचे ६, असे १८ गुण असतात. गेल्या काही वर्षांत डिफेंडरने अनेकदा १७.५ किंवा पूर्ण १८ गुण मिळवले आहेत. पैसे देऊन घ्यायचे कित्येक अँटिव्हायरस याच रांगेत बसतात.

आपला पहारेकरी जागा आहे की नाही, हे पाहायला दोन मिनिटे लागतात. स्टार्टवर जाऊन ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडावे. ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’वर हिरवी खूण असेल तर तो जागा आहे. तिथे दुसऱ्याच कंपनीचे नाव दिसले, तर डिफेंडर बाजूला झाला आहे असे समजावे. नव्या लॅपटॉपबरोबर बऱ्याचदा काही दिवसांचा किंवा वर्षाचा मोफत अँटिव्हायरस येतो. त्याची मुदत संपल्यावर तो ‘पैसे भरा’ म्हणत बसतो. पैसे भरायचे नसतील तर तो सेटिंग्जमधून पूर्ण काढून टाकावा आणि लॅपटॉप बंद करून चालू करावा. डिफेंडर आपोआप कामाला लागतो. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नयेत. दोन पहारेकरी एकमेकांवरच संशय घेत बसतात आणि ४ जीबी रॅमचा लॅपटॉप रांगू लागतो.

त्याच जागी ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’मध्ये ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ नावाची कळ आहे. ती चालू केली की अनोळखी प्रोग्रॅमला तुमच्या डॉक्युमेंट्स आणि फोटोंच्या फोल्डरमध्ये ढवळाढवळ करता येत नाही. कधीकधी एखाद्या चांगल्या प्रोग्रॅमलाही ती अडवते, तेव्हा त्या एकट्या प्रोग्रॅमला परवानगी द्यावी. याशिवाय मुलांसाठी लॅपटॉपवर वेगळे खाते उघडावे आणि त्याला ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’चे अधिकार देऊ नयेत. मग नवा प्रोग्रॅम टाकताना घरच्या मोठ्या माणसाचा पासवर्ड लागतो. यातल्या कशालाही एक पैसा पडत नाही.

अपडेट टाळणे महागात पडते

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचे रॅन्समवेअर सुमारे दीडशे देशांत पसरले. विंडोजच्या ज्या भगदाडातून ते शिरत होते, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. ज्यांनी ती घेतली नाही ते सापडले. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, त्याच भगदाडाचाही वापर करणारा दुसरा हल्ला झाला आणि आपल्या ठाण्याच्या खाडीपलीकडे, उरणच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. कंटेनर जागच्या जागी अडकले. जगातल्या बड्या जहाज कंपनीचे जे झाले, ते आपल्या घरच्या लॅपटॉपचे होऊ नये असे वाटत असेल तर ‘अपडेट अँड रीस्टार्ट’ला नंतर-नंतर म्हणत राहू नये. रात्री झोपण्यापूर्वी ते लावून द्यावे.

इथेच जुन्या लॅपटॉपचा प्रश्न येतो. विंडोज ७ ची दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. विंडोज १० ची नेहमीची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने एक वर्षाची, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा जाहीर केली. सेटिंग्जमधल्या ‘विंडोज अपडेट’मध्ये जाऊन मायक्रोसॉफ्ट खात्याने नाव नोंदवले की ती मिळते, आणि सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवल्यास त्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत. साधारण २०१८ नंतरच्या लॅपटॉपवर विंडोज ११ मोफत चढण्याची शक्यता असते. ‘पीसी हेल्थ चेक’ हा मायक्रोसॉफ्टचाच छोटा प्रोग्रॅम ते तपासून सांगतो.

जिथे दुरुस्ती येणेच बंद झाले आहे, तिथे कितीही महाग अँटिव्हायरस लावला तरी तो मोडक्या भिंतीला लावलेले कुलूप ठरतो. असा लॅपटॉप फक्त अभ्यास, व्हिडिओ आणि लिखाण यासाठी लागत असेल तर त्यावर ‘लिनक्स मिंट’ किंवा ‘उबंटू’ टाकून घ्यावे. दोन्ही मोफत आहेत आणि जुन्या यंत्रावर नीट चालतात. अडचण इतकीच की त्यांवर इनपेज किंवा टॅली सरळ चालत नाही. ज्या घराला ते लागते, त्याने हा मार्ग घेऊ नये.

ठाण्याच्या बाजारात किंवा लॅमिंग्टन रोडवर जुना लॅपटॉप घेताना दुकानदाराला सेटिंग्जमधले ‘अ‍ॅक्टिव्हेशन’चे पान उघडून दाखवायला सांगावे. विंडोज अस्सल आहे का, हे बिलावर लिहून घ्यावे. ‘आम्ही सगळे टाकून देतो’ या वाक्यातले ‘सगळे’ बहुधा क्रॅक असते.

विकतचा कोणी घ्यावा, कसा घ्यावा?

आता ज्यांना विकतचा घ्यावासा वाटतो त्यांच्याविषयी. भिवंडीत लूमचा हिशेब घरच्या लॅपटॉपवर ठेवणारे, ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे काम करणारे, डीटीपी करणाऱ्या भगिनी, शिकवणीचे वर्ग चालवणारे, अशांच्या लॅपटॉपला रोज परक्यांचे पेनड्राइव्ह लागतात. शिवाय दुसऱ्यांची आधार कार्डे, पॅन कार्डे आणि गुणपत्रिका त्यांच्याकडे असतात. पेनड्राइव्ह लावताक्षणी तो तपासणारा आणि अडचण आली तर आपल्या भाषेत फोनवर बोलणारा माणूस देणारा अँटिव्हायरस अशांच्या कामाचा आहे. दिवसभर धंदा बंद पडण्यापेक्षा वर्षाचे हे पैसे स्वस्त.

यात आपल्या मराठी मुलखाचे योगदान मोठे आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. पुढे स्वतःचे संगणक दुरुस्तीचे दुकान काढले. दुरुस्तीला येणारे कितीतरी संगणक व्हायरसने बिघडलेले असत. धाकटे भाऊ संजय संगणक शिकत होते, त्यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिला आणि १९९५ मध्ये ‘क्विक हील’ बाजारात आला. फेब्रुवारी २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात पोहोचली. पुण्याचाच ‘नेट प्रोटेक्टर’, मुंबईचा ‘ई-स्कॅन’ आणि चेन्नईचा ‘के-सेव्हन’ हेही भारतीय अँटिव्हायरस आहेत. परदेशी कंपन्यांचेही पुष्कळ आहेत. अमुकच घ्या असे आम्ही सांगणार नाही, कारण भाव आणि गुण दोन्ही दरवर्षी बदलतात. पण घेताना काय पाहावे, ते सांगतो.

पहिले, नावाला भुलू नये. ‘अँटिव्हायरस’, ‘इंटरनेट सिक्युरिटी’, ‘टोटल सिक्युरिटी’ अशा चढत्या पायऱ्या असतात. वरच्या पायरीवर बहुधा लॅपटॉप साफ करण्याची, मुलांवर लक्ष ठेवण्याची अशी जादा साधने असतात. ती वापरणार नसाल तर खालची पायरी घ्यावी. मुलांच्या वेळेवर आणि साइटवर लक्ष ठेवायला मायक्रोसॉफ्टचे ‘फॅमिली सेफ्टी’ मोफत आहे.

दुसरे, पहिल्या वर्षाचा भाव पाहून ठरवू नये. पहिल्या वर्षी मोठी सूट आणि दुसऱ्या वर्षी दुप्पट दर, असे पुष्कळदा होते. तीन वर्षांचा एकूण खर्च काढावा आणि त्याला किती लॅपटॉप चालतात त्या संख्येने भागावे. भाऊ-बहीण मिळून तीन लॅपटॉपचा एक परवाना घेतला तर माणशी खर्च खाली येतो.

तिसरे, कार्डाने ऑनलाइन घेतले तर आपोआप नूतनीकरणाची खूण काढून टाकावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवायचे असते. तो मेसेज आला तर वाचावा, जाहिरात समजून पुसू नये.

चौथे, बिल घ्यावे, खोके सीलबंद आहे का पाहावे आणि आतला क्रमांक दुकानातच लावून मुदत किती दिवसांची दाखवतो ते बघावे. व्हॉट्सअ‍ॅपवर शंभर रुपयांत मिळणारे क्रमांक घेऊ नयेत. आणि क्रॅक केलेला अँटिव्हायरस तर मुळीच नको. पहारेकरीच चोराकडून आणला तर तक्रार कोणाकडे करणार?

पाचवे, एव्ही-टेस्ट किंवा ऑस्ट्रियातील ‘एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज’ यांचे ताजे निकाल पाहावेत. ते फुकट वाचता येतात. जुन्या लॅपटॉपसाठी ‘परफॉर्मन्स’चा रकाना आधी पाहावा.

फुकटातल्या परक्या अँटिव्हायरसबद्दलही एक शब्द. अवास्त या प्रसिद्ध मोफत अँटिव्हायरसच्या कंपनीने लोक इंटरनेटवर काय पाहतात याची माहिती ‘जंपशॉट’ या आपल्याच उपकंपनीमार्फत विकली. बोभाटा झाल्यावर जानेवारी २०२० मध्ये जंपशॉट बंद झाली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अवास्तला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. फुकट वस्तूची किंमत कोणीतरी कुठेतरी देत असतेच. म्हणून मोफत हवे असेल तर विंडोजमधला डिफेंडरच पुरे. संशय आलाच तर भारत सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’वर तपासणीची मोफत साधने आहेत. हे केंद्र फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाले.

अँटिव्हायरस जिथे हात टेकतो

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाड घालून सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतले. आपण कर अधिकारी बोलतोय असे सांगून तिथून अमेरिकेतल्या लोकांना धमकावले जात होते. त्या लोकांच्या संगणकात कोणताही व्हायरस गेला नव्हता. भीती गेली होती. भीती ओळखणारा अँटिव्हायरस अजून निघालेला नाही.

तीच युक्ती आता आपल्यावर चालते. ब्राउझरमध्ये अचानक भोंगा वाजतो, पडदा लाल होतो आणि ‘तुमच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ असे लिहून येते. किंवा ‘तुमच्या अँटिव्हायरसचे नूतनीकरण झाले, इतके हजार कापले जातील’ अशी मेल येते. फोन केला की पलीकडचा माणूस ‘एनीडेस्क’सारखा प्रोग्रॅम टाकायला सांगतो आणि तुमच्या लॅपटॉपचा ताबा घेतो. अस्सल अँटिव्हायरस कधी फोन करायला सांगत नाही. ब्राउझर बंद करावा, होत नसेल तर लॅपटॉपच बंद करावा. कोपऱ्यात रोज व्हायरसची सूचना येत असेल तर बहुधा मुलांनी एखाद्या साइटला ‘अलाऊ’ म्हटलेले असते. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ‘नोटिफिकेशन्स’मधून ती साइट काढली की भुताटकी थांबते.

पैसे गेलेच तर लाज बाळगू नये आणि सकाळची वाट पाहू नये. ताबडतोब १९३० वर फोन करावा आणि ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’वर तक्रार नोंदवावी. ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली ही सगळी गावे ठाणे शहर पोलीस आयुक्तालयात येतात, त्यामुळे जवळच्या पोलीस ठाण्यातही जाता येते. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. आपल्या भगिनी घरचे रागावतील म्हणून गप्प बसतात. घरातल्या पुरुषांनी आधीच सांगून ठेवावे, ‘‘असे झाले तर रागावणार नाही, फक्त लगेच सांग.’’

पहिले पैसे बॅकअपवर

शेवटी सगळ्यात महत्त्वाचे. लॅपटॉप व्हायरसनेच जातो असे नाही. लोकलमध्ये विसरतो, पावसाच्या पाण्यात भिजतो, हार्ड डिस्क न सांगता बसते. यातल्या कशावरही अँटिव्हायरस चालत नाही. दुसरी प्रत मात्र या सगळ्यांवर चालते.

गूगल ड्राइव्हवर १५ जीबी जागा फुकट मिळते. कागदपत्रे, टाचणे आणि प्रकल्प यांना ती भरपूर झाली. लग्नाचे व्हिडिओ आणि वर्षानुवर्षांचे फोटो असतील तर बाहेरून लावायची हार्ड डिस्क घ्यावी. महिन्यातून एकदा, समजा पहिल्या रविवारी, ती लावावी, फाइली उतरवाव्यात आणि लगेच काढून कपाटात ठेवावी. ती कायम लावून ठेवली तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप लावते. एकदा घेतलेली डिस्क कित्येक वर्षे पुरते, अँटिव्हायरसचे पैसे मात्र दरवर्षी भरावे लागतात. दोन्ही परवडत नसेल तर आधी काय घ्यायचे, हे यावरून ठरवता येईल.

आपल्या लॅपटॉपमध्ये जे असते ते सगळे आपले नसते. शिक्षकाकडे वर्गातल्या मुलांचे गुण असतात, अर्ज भरणाऱ्याकडे मोहल्ल्याची आधार कार्डे असतात, कापड शिवणाऱ्या बहिणीकडे गिऱ्हाइकांची मापे आणि फोटो असतात. ही अमानत आहे. ज्याची आहे त्याने ती आपल्यावर भरवसा ठेवून दिली आहे. काम संपले की ती पुसून टाकावी आणि ठेवायचीच असेल तर जपून ठेवावी.

या आठवड्यात एवढे करावे. ‘विंडोज सिक्युरिटी’तली हिरवी खूण पाहावी. थांबवून ठेवलेले अपडेट पूर्ण करावे. मुदत संपलेला अँटिव्हायरस आणि क्रॅक प्रोग्रॅम काढून टाकावेत. मुलांचे खाते वेगळे करावे. प्रिंटचा पेनड्राइव्ह वेगळा करावा. आणि सगळ्यात महत्त्वाच्या दहा फाइलींची दुसरी प्रत काढावी. एवढ्या कामाला एक संध्याकाळ पुरते आणि खर्च जवळजवळ काहीच नाही. त्यानंतरही गरज वाटली, तर अँटिव्हायरसच्या दुकानात जरूर जावे, पण यादी हातात घेऊन.